रानाचा जमाखर्च

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांच्या वस्तीचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. आणि ज्या बांबूच्या वाहतुकीस एरवी वनखात्याचा परवाना लागे, त्या परवान्यांचे पुस्तकच २७ एप्रिल २०११ रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या दीर्घ परिश्रमांचे ते फळ होते, आणि अधिकारप्राप्तीची कथा म्हणून ते सर्वपरिचितही आहे. परंतु बांबू मोजणे, दर ठरवणे, निविदा मागवणे, करारनामा करणे, तोडणाऱ्यांची मजुरी चुकती करणे आणि उरलेल्या रकमेचा विनियोग सर्वसंमतीने ठरवणे, ही जी कामे पूर्वी सरकारी कचेरीत वा मक्तेदाराच्या दप्तरात होत, ती त्या दिवसापासून गावाने अंगावर घेतली, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदूपान यांना गौण वनोपज मानून त्यांचे स्वामित्व वननिवासींना दिले. तेंदूचा हंगाम भर उन्हाळ्यातला आणि अल्पकाळाचा. सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक मानक गोणी, असा त्याचा हिशेब. पाने तोडणाऱ्या कुटुंबाला मजुरी हवी असते ती तत्काळ, कारण खरिपाची पेरणी तोंडावर आलेली असते; व्यापारी मात्र माल उचलून नेल्यावर शेवटचा हप्ता लांबवू शकतो. बयाणा किती, हप्त्यांची मुदत कोणती, भाव कोसळल्यास तोटा कोणाच्या माथी, या चार-दोन कलमांवर गावाचे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून असते. आणि जिच्यापाशी खेळते भांडवल नाही अशी ग्रामसभा, दर कमी आहे हे पक्के ठाऊक असूनही, आगाऊ रक्कम देणाऱ्या व्यापाऱ्यालाच माल देऊन मोकळी होते.

बँकेने येथे उभे राहावे अशी अपेक्षा कोणीही करील. परंतु कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे हा हक्क वारसाने पुढे चालतो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. हे बंधन अत्यंत उचित आहे, कारण त्याच्या अभावी आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या हे महसुली दप्तरे सांगतात. तथापि तारणावाचून कर्ज न देणारी बँक त्यामुळे उंबरठ्यावरच थांबते. माझ्या मते ग्रामसभेची काही वर्षांची चोख कीर्द-खतावणी आणि व्यापाऱ्याशी झालेला निःसंदिग्ध करारनामा, हेच पतीचे प्रमाण मानले पाहिजे. आणि ते वाचण्याची विद्या ज्यांना अवगत आहे अशा तरुणांची एक नवी पिढी तयार झाली पाहिजे.

पर्यावरणस्नेही वित्तव्यवहाराचा बोलबाला सध्या महानगरांत आहे. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित कर्जरोखे प्रथमच बाजारात आणले. बाजारमूल्यानुसार अग्रेसर असलेल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीने पर्यावरणीय व सामाजिक उत्तरदायित्वाचा अहवाल बंधनकारक केला. परिणामी मुंबई-पुण्यातील वाणिज्य पदवीधरांना विश्लेषक, लेखापरीक्षक, सल्लागार अशा नोकऱ्या खुल्या झाल्या आहेत. त्या त्यांनी अवश्य स्वीकाराव्यात. मात्र कंपनीच्या अहवालातील आकडे तपासणाऱ्याने वनहक्क कायदा आणि आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदाही मुळातून वाचलेला असावा, कारण ज्या भूमीवर कंपनीचा प्रकल्प उभा राहतो त्या भूमीवर कोणाचा हक्क आहे, हे ताळेबंद सांगत नाही. झाडांनी शोषलेल्या कर्बाच्या मोबदल्याचे करार तर गावाला कित्येक दशके बांधून ठेवू शकतात. त्यावर अंगठा उमटण्यापूर्वी त्यातले प्रत्येक कलम गोंडीत किंवा माडियात समजावून सांगणारा माणूस गावाचाच असला पाहिजे.

गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. तेथून वाणिज्याची पदवी घेतलेल्या गोंड वा माडिया मुलीला तालुक्यातल्या तालुक्यात प्रतिष्ठेचा पेशा मिळणे आज अशक्य राहिलेले नाही. एकट्या लहान गावाला पूर्णवेळ लेखापाल परवडत नाही हे खरे. परंतु कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी जशी महाग्रामसभा स्थापन केली, तशा संघाला विक्रीच्या रकमेचा अल्पसा अंश राखून लेखापाल, निविदा-लेखक आणि वनाचा आराखडा करणारा जाणकार नेमता येईल. त्यांचे वेतन बाहेरच्या देणगीतून न देता गावाच्या जमाखर्चातच खर्ची पडावे, म्हणजे त्यांना जाब विचारण्याचा अधिकारही ग्रामसभेकडेच राहील.