मक्याचा घाटा आणि सुका मासा

श्रोतेहो, उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराकाठी कधी गेलात, तर बडी हॉटेले सोडा. एखाद्या गावातली साधी खाणावळ गाठा आणि 'मिसोल्तीनी' मागा. 'अगोने' नावाचा सरोवरातला मासा खारवून उन्हात वाळवतात आणि सुवासिक पानांच्या थरांत डब्यात दाबून ठेवतात. आपल्या सुक्या बांगड्याचा भाऊच म्हणा ना! तो भाजून 'पोलेंता'बरोबर, म्हणजे मक्याच्या भरडीच्या घट्ट घाट्याबरोबर वाढतात. ही जोडी मोडू नका. १९ व्या शतकात उत्तर इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांना नुसत्या घाट्यावर दिवस काढावे लागत आणि पेलाग्रा रोगाने कित्येक दगावले. नुसत्या मक्यातून नायासिन हे जीवनसत्त्व पुरेसे अंगी लागत नाही. त्याच्या अभावी हा रोग होतो, हे १९३७ साली उलगडले. शिक्षकबंधूंनी मुलांना एवढे जरूर सांगावे: पोट भरणे वेगळे, पोषण वेगळे.