डाग खाली, दुखणं आत

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार तेल गाळते, हा तिकडच्या गाडीवाल्यांचा ठेवणीतला विनोद आहे. तेल गळायचं थांबलं तर खूश होऊ नका, आत उरलंय का ते बघा, असं ते एकमेकांना बजावतात. पण तेलाचं थारोळं एमजीबी नावाच्या अशाच एका गाडीच्या पोटाखाली, साधारण दोन सीटच्या मधोमध साचू लागलं की हसणं आवरतं घ्यावं लागतं. त्या जागी, कार्पेटखालच्या बोगद्यात, गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला जोडलेलं ॲल्युमिनियमचं एक डबडं असतं. त्याचं नाव ओव्हरड्राइव्ह.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बी-सिरीज घराण्यातलं, म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं सख्खं भावंड. ॲम्बेसेडरप्रमाणेच तिलाही पुढे जाण्याचे गिअर चारच. १९५९ मध्ये लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-१ महामार्ग खुला झाला, माणसं तासन्‌तास एका वेगाने गाडी पळवू लागली, आणि चौथा गिअर अपुरा वाटू लागला. ताशी ७० मैलांना, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरला, एमजीबीचं इंजिन चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला साधारण ३९०० फेऱ्या मारतं. ओव्हरड्राइव्ह लावला की त्या ३२०० वर येतात. आवाज उतरतो, पेट्रोल वाचतं आणि इंजिनालाही उसंत मिळते.

ही युक्ती एडगर जोसेफ डी नॉर्मनव्हिल यांची. ते अभियंता होते आणि मोटारींवर लिहिणारे पत्रकारही. त्यांची रचना शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने उत्पादनात आणली आणि १९४८ मध्ये ती स्टँडर्ड व्हॅनगार्डला बसली. पुढे ट्रायम्फ, ऑस्टिन-हिली, जॅग्वार अशा गाड्यांच्या पोटाखाली ती दिसू लागली. चार दशकांत पस्तीस लाखांच्या वर नग बनले आणि त्यांतले दहा लाखांवर एकट्या व्होल्वोने घेतले.

डबड्याच्या आत एपिसायक्लिक गिअरांचा संच असतो. मध्ये सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट गिअर आणि या सगळ्यांना वेढणारी, आतून दाते असलेली कडी म्हणजे ॲन्युलस. गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट प्लॅनेट गिअरांना फिरवतो आणि मागच्या चाकांकडे जाणारा जोर ॲन्युलसमधून बाहेर पडतो. एरवी दणकट स्प्रिंगा एका शंकूच्या आकाराच्या क्लचला ॲन्युलसवर दाबून धरतात आणि सगळा संच एकजीव होऊन फिरतो. पुढे जाताना भार पेलतो तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेने पकडणारा रोलर क्लच. चालकाने बटण दाबलं की सोलेनॉइड हा विद्युतचुंबक झडप हलवतो, तेलाचा दाब दोन पिस्टनवर येतो, आणि ते पिस्टन स्प्रिंगांवर मात करून शंकूला केसिंगमधल्या स्थिर ब्रेक रिंगमध्ये रुतवतात. शंकूला जोडलेला सन गिअर जागीच थांबतो. १९६७ नंतरच्या एमजीबीत मेनशाफ्टच्या ८२ फेऱ्यांत मागचा शाफ्ट १०० फेऱ्या घेतो. क्लचच्या पेडलला पाय लावायचीही गरज नसते.

हे सगळं घडवून आणणारं तेल वेगळं नसतं. दात्यांना वंगण देणारं गिअरबॉक्सचं तेलच मेनशाफ्टवरच्या कॅमने चालणारा छोटा पंप ओढून घेतो आणि चौरस इंचाला सुमारे ४०० पौंड दाबाने पिस्टनमागे पाठवतो. एकच तेल दोन कामं करतं, त्यामुळे गळतीही दोन तऱ्हेची असते. गाडी उभी असताना पंप बंद असतो, दाब शून्य. रात्रभर जमिनीवर ठिबकतं ते दाबाखालचं तेल नव्हे. आत उडून भिंतींवरून ओघळलेलं तेल एखाद्या फटीतून खाली उतरलेलं असतं. उलट ४०० पौंडांचा दाब झिजलेल्या ओ-रिंगमधून निसटतो तेव्हा ते तेल बहुतेक वेळा केसिंगच्या आतच पडतं. जमीन कोरडी राहते आणि ओव्हरड्राइव्ह मात्र लागेनासा होतो.

बाहेरची गळती शोधताना पहिला शत्रू म्हणजे वारा. गाडी धावताना तेल मागे ढकललं जातं आणि सगळं पोट एकसारखं काळं होतं. इंजिनाच्या झाकणातून निघालेलं तेल ओव्हरड्राइव्हच्या शेपटीवर जाऊन थेंब धरतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार इथे सर्रास होतो. इतर गाड्यांत वासावरून उलगडा होतो, कारण गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. एमजीबीत तीही सोय नाही. इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये तेच २०-डब्ल्यू-५० इंजिन ऑइल असतं. उरतो फक्त रंग. इंजिनातलं तेल काही शे मैलांत काळं पडतं, गिअरबॉक्समधलं बराच काळ मधासारखं राहतं. म्हणून जाणते मेकॅनिक आधी सगळं डीग्रीझरने धुतात, पुसून कोरडं करतात, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवतात आणि थोडं चालवून गाडी पुन्हा जॅकवर घेतात. पांढऱ्या पावडरीवर ओल पहिल्यांदा जिथे उमटते, तिथून खरं काम सुरू होतं.

ठरलेल्या जागा चार-पाचच आहेत. सगळ्यात मागचं ऑइल सील. सोलेनॉइडच्या झाकणाचं गॅस्केट आणि तिथून बाहेर येणाऱ्या तारांभोवतीचं रबर. तळाच्या, जाळीच्या फिल्टरखालच्या झाकणाचं गॅस्केट. ब्रेक रिंगच्या दोन्ही अंगांचे सांधे. आणि स्पीडोमीटरच्या केबलचं तोंड. ही शेवटची जागा लबाड आहे. तिथलं एवढंसं सील गेलं की फिरणाऱ्या केबलच्या अंगाने तेल वर चढतं आणि कधी थेट डॅशबोर्डवरच्या स्पीडोमीटरपर्यंत पोचतं. यांखेरीज गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूचं हवेचं भोकही तपासावं लागतं. ते मळाने बुजलं की गरम झालेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. अशा गाडीला कितीही नवी सीलं घातली तरी पैसे पाण्यात.

मागचं सील गाडीत जागच्या जागी बदलता येतं. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घ्यायची, प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याला धरणारी फ्लँज यांवर एका रेषेत खूण करायची, चार बोल्ट काढून शाफ्ट खाली घ्यायचा. मग फ्लँजचा मोठा नट, आणि मग फ्लँज. नवशिके इथे जुनं सील उचकटून नवं ठोकतात आणि मोकळे होतात. मुरलेला माणूस आधी फ्लँजच्या गुळगुळीत भागावरून नख फिरवतो. रबराची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासून पोलादावर खाच पाडते आणि नख तिथे अडकतं. खाच तशीच ठेवली तर नवं सीलही चार दिवसांत ठिबकू लागतं. त्यावर तोडगा म्हणजे पोलादाचं पातळ नळकांडं त्या भागावर चढवायचं, किंवा सील किंचित मागेपुढे बसवून कड कोऱ्या पृष्ठभागावर आणायची. सील सरळ आत गेलं पाहिजे आणि कडेला आधी तेल लावलेलं पाहिजे. कोरडी कड पहिल्या काही फेऱ्यांतच भाजते.

ब्रेक रिंगचे सांधे गळत असतील तर प्रकरण मोठं. ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये बोगद्याचं झाकण काढून गिअरबॉक्स सीटच्या बाजूने आत ओढून घेता येतो. एमजीबीत मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर उचलावे लागतात. ओव्हरड्राइव्ह सोडवताना आतल्या स्प्रिंगांचा ताण जपावा लागतो, नट आळीपाळीने थोडे थोडे सैल करावे लागतात. परत बसवणं त्याहून जिकिरीचं. प्लॅनेट गिअरांना धरणारा प्लॅनेट कॅरियर आणि रोलर क्लच या दोन्हींच्या आतल्या खाचा एका रेषेत आल्या तरच मेनशाफ्ट दोन्हींमध्ये शिरतो. नाहीतर शेवटचा अर्धा-पाऊण इंच उरतो. ही फट नट आवळून मिटवायला गेलं की ॲल्युमिनियमचं केसिंग तडकतं. सगळं पुन्हा मागे घेऊन खाचा जुळवणं हाच मार्ग.

सांध्यांवर सिलिकॉन फासायचा मोह सगळ्यांनाच होतो. बाहेरून काम चोख दिसतं, पण आत दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून तेलात मिसळतं. ओव्हरड्राइव्हच्या झडपांची भोकं इतकी बारीक असतात की एक कणही त्यांना पुरतो. त्यामुळे कागदी गॅस्केट आणि न सुकणाऱ्या पेस्टचा पातळ हात, एवढ्यावरच भागवलं जातं. गळती थांबवणाऱ्या किंवा घर्षण कमी करणाऱ्या बाटल्यांचंही तसंच. शंकूच्या क्लचचं सगळं काम घर्षणावर चालतं. तेलच निसरडं केलं की तो घसरू लागतो.

आतल्या गळतीची खूण वेगळी. सकाळी थंड असताना ओव्हरड्राइव्ह झटक्यात लागतो आणि तासाभराच्या प्रवासानंतर घसरतो किंवा सुटतो. तापून पातळ झालेलं तेल पिस्टनच्या ओ-रिंगजवळून निसटत असतं. अर्थात, केसिंग उघडण्याआधी वायरिंग तपासायचं. गिअरबॉक्सवरचा स्विच किंवा एखादी सैल तार हीच अनेकदा खरी गुन्हेगार निघते. इग्निशन चालू करून, योग्य गिअर टाकून बटण दाबल्यावर सोलेनॉइडची ‘टक’ ऐकू आली, तर पुढची पायरी दाबमापक.

ओव्हरड्राइव्हचा कंटाळा येऊन त्याजागी फोर्ड किंवा माझदाचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसवणारे मालकही आहेत. बाकीच्यांचं गणित साधं असतं. सीलची किंमत किरकोळ, इंजिन उतरवण्याची मजुरी भारी. म्हणून इंजिन एकदा बाहेर आलं की न गळणारी सीलं, क्लच प्लेट आणि कार्बनचं रिलीज बेअरिंगही त्याच फेरीत बदलून घेतात. मग सुमारे साडेतीन लिटर तेल भरायचं, थोडं अंतर गाडी चालवायची आणि पातळी पुन्हा पाहायची, कारण रिकाम्या केलेल्या ओव्हरड्राइव्हच्या पोटात तेल जाऊन ती खाली आलेली असते. ती भरून काढल्यावरच बोगद्यावर कार्पेट परत घातलं जातं.