चाकाचा आऊट किती चालतो?
रे रोडच्या फुटपाथवरचा सायकलवाला चाक फिरवतो, ब्रेकच्या रबरापाशी नजर लावतो आणि स्पोकचं निपल किल्लीने पाव फेरा आवळतो. आऊट, म्हणजे चाकाचं डावी-उजवीकडे डुलणं, काढतो. साध्या सायकलला मिलिमीटरभर आऊट चालून जातो. शर्यतीच्या उत्तम चाकात तो ०.२ मिलिमीटरच्या आसपास हवा.

पण माझ्या मते खरी परीक्षा ताणाची. एकाच बाजूचे स्पोक कमी-जास्त ताणलेले असले, तर आज सरळ दिसणारं चाक मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढेपर्यंत पुन्हा डुलू लागेल. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचा ताण मुळातच जास्त असतो, म्हणून तुलना त्याच बाजूच्या स्पोकांत करावी. टिचकी मारा, आवाज जवळपास सारखा यायला हवा. महागडं चाक घेताना दुकानदाराकडे ताणाचे आकडेही जरूर मागा.