फ्यूज जाळू नका, बल्ब लावा! गाडीतला शॉर्ट शोधायची स्वस्त पद्धत

ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायचंय, हाताखाली एखादा पोरगा ठेवून धंदा वाढवायचाय, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हा लेख. व्हिडिओत बल्ब लावून दाखवला आहेच. त्यामागचं गणित आणि त्यातून होणारा धंदा इथे सविस्तर लिहितोय.

आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो. कराड, वाळवा, पलूस, कोरेगाव, कुठेही बघा, रात्री रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात. सहा-सात महिने गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॉलीची वायर उंदरांनी कुरतडलेली असते. हुकाजवळ ती दबलेली असते, जोडावरची टेप सुटलेली असते. मालक दुकानात येतो आणि एकच वाक्य बोलतो, "पार्किंग लाइट लावली की फ्यूज उडतोय, लवकर बघा, कारखान्यावर नंबर लागलाय."

आता नवीन कारागीर काय करतो? फ्यूज टाकतो. उडाला. एक वायर हलवतो, दुसरा टाकतो. तोही उडाला. पाच-सहा फ्यूज गेले की गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं. मग शेवटी १० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज, नाहीतर सरळ तारेचा तुकडा! लाइट लागते, गाडी जाते, पण फॉल्ट गाडीसोबतच जातो.

फ्यूज कोणाला वाचवतो?

फ्यूज लाइटला वाचवत नाही, तो वायरला वाचवतो. बारीक वायर किती करंट सोसेल त्यावरून फ्यूजचा आकडा ठरतो. पात्याच्या फ्यूजला रंगही त्यासाठीच असतात: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. स्टार्टर फिरवणारी बॅटरी क्षणभर शेकडो अँपिअर देऊ शकते. तेवढी ताकद बॉडीला टेकलेल्या बारीक वायरीत गेली आणि मधे तारेचा तुकडा असला, तर फ्यूजऐवजी वायर जळते. खाली डिझेल, मागे वाळलेलं पाचट. बाकी मी सांगायला नको.

म्हणून फॉल्ट शोधताना करंट वाहिला तर पाहिजे, पण मर्यादेत. हे काम बल्ब करतो.

बल्बाचं साधन कसं करायचं?

दुकानात हेडलाइटचे जुने बल्ब पडलेले असतात. ६०/५५ वॅटच्या बल्बात दोन फिलामेंट असतात, त्यातली बहुतेक वेळा एकच गेलेली असते. दुसरी चालू आहे ना बघा, बास. एक उडालेला पात्याचा फ्यूज घ्या, त्याच्या दोन पायांना दोन वायरी डाग द्या आणि त्या बल्बाच्या होल्डरला जोडा. उघड्या जोडांवर स्लीव्ह चढवा. बल्ब भयंकर तापतो, म्हणून त्याला पत्र्याच्या डब्यात बसवा, सीटवर किंवा वायरिंगवर ठेवू नका.

गणित सोपं आहे: वॅट भागिले व्होल्ट. ६० ला १२ ने भागलं की ५ अँपिअर. म्हणजे पुढे वायर पूर्ण शॉर्ट असली तरी या बल्बातून साधारण ५ अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. बल्बाचा करंट त्या सर्किटच्या फ्यूजपेक्षा कमी हवा. ५ अँपिअरचं नाजूक सर्किट असेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्यातून पावणेदोन अँपिअरच जातो. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर बल्बही २४ चाच हवा.

आता फॉल्ट शोधूया

१. उडालेला फ्यूज काढा आणि त्या जागी बल्बाचं पातं बसवा. स्विच चालू करा.

२. बल्ब झगझगीत पेटला, म्हणजे पुढे शॉर्ट आहे. मिणमिणता किंवा बंद, आणि टेल लॅम्प जवळपास नेहमीसारखे लागलेत, म्हणजे या क्षणी शॉर्ट नाही.

३. झगझगीत असेल तर मागच्या ट्रॉलीचा प्लग काढा. बल्ब मंद झाला? मग फॉल्ट मागच्या ट्रॉलीत. नाही झाला, तर पुढच्या ट्रॉलीचा काढा. तरीही नाही, तर फॉल्ट ट्रॅक्टरमध्येच. दोन प्लग काढून तुम्ही अर्धी गाडी बाद केलीत, आणि एकही फ्यूज गेला नाही!

४. आता त्या भागातले कपलर एकेक करून सोडवा. ज्या कपलरला बल्ब मंद होईल, शॉर्ट त्याच्या पुढे.

५. फॉल्ट येतो-जातो असा असेल तर बल्ब लावून ठेवा आणि हार्नेस हाताने हलवत चला. जिथे बल्ब भपकन पेटेल तिथे थांबा. हुकाजवळचं वळण, चेसिसच्या कडा आणि जुने जोड आधी बघा.

एक काळजी घ्या. हेडलाइटच्या सर्किटला हेडलाइटचे कपलर आधी काढा. तो लोडच एवढा मोठा असतो, की शॉर्ट नसतानाही आपला बल्ब जोरात पेटतो आणि तुम्ही फसता.

बल्ब जिथे चालत नाही

प्रत्येक वेळी फ्यूज शॉर्टमुळेच उडतो असं नाही. केबिनचा ब्लोअर किंवा वायपरची मोटर जड फिरत असेल तर ती जास्त करंट ओढते. अशा वेळी फ्यूज लगेच जात नाही, दहा मिनिटांनी जातो. मधे बल्ब लावला तर मोटरच नीट फिरणार नाही. इथे डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. विकत घेताना नीट विचारून घ्या. फक्त एसी मोजणारा मीटर स्वस्त मिळतो, पण तो बॅटरीचा करंट दाखवतच नाही. योग्य आकड्याचा फ्यूज टाका, मोटर चालवा आणि आकडा चढतोय का बघा. फ्यूजच्या आकड्याजवळ जात असेल तर आधी मोटर खोला.

एअरबॅग आणि ईसीयूच्या सर्किटला बल्ब लावायचा नाही. एअरबॅगचे कपलर बहुतेक पिवळे असतात. इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड केशरी केबलला तर रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय हातही लावू नका.

आता धंद्याचं बोलू

बीबीएला कॉस्टिंग शिकलो, पण दुकानात एक गोष्ट जास्त पक्की झाली. गिऱ्हाईक फ्यूजचे पाच-दहा रुपये देतं, आणि तुमचा दीड तास फुकट जातो, कारण तुम्ही तो विकायलाच ठेवलेला नसतो. म्हणून "चेकिंग चार्ज" वेगळा ठेवा आणि गाडीला हात लावायच्या आधी सांगा. "फॉल्ट शोधायचे एवढे, दुरुस्तीचे वेगळे." कोणी नाही म्हणालं तर म्हणू द्या. पण जो थांबतो त्याला बल्ब दाखवा. प्लग काढल्यावर बल्ब मंद होतो हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की पैशावरून वाद होत नाही.

बिलावर तीन ओळी लिहाच: फॉल्ट कुठे होता, काय बदललं, कुठल्या आकड्याचा फ्यूज टाकला. उद्या कोणी मधेच ३० चा टाकला, तर तुमचा कागद बोलेल.

"मालक, आत्ता तार बांधा, उद्या बघू," असं म्हणणारं गिऱ्हाईक येणारच. त्याला सरळ सांगा, "तार बांधणार नाही. पण ज्या ट्रॉलीत शॉर्ट आहे तिचा प्लग काढून देतो. ती आज इथेच ठेवा, दुसरी ओढून न्या." फॉल्टची जागा माहीत असली की असा मधला रस्ता निघतो. मागच्या लाइटशिवाय ट्रॉली रात्री रस्त्यावर पाठवायची नाही. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती दिसत नाही.

आणि हंगामाची वाट कशाला बघायची? सप्टेंबरमध्येच आपल्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना फोन करा. ट्रॉलीचं वायरिंग, प्लग, टेल लॅम्प आणि रिफ्लेक्टर, सगळ्याचं एकत्र चेकिंग ठरलेल्या दरात. त्या वेळी त्यांना सवड असते आणि तुमचं दुकानही मोकळं असतं. हंगामात रात्री अकराला येणारा फोन त्यामुळे कमी होतो.

आज दुकान बंद करायच्या आधी एवढंच करा: भंगारातला एक बल्ब, एक उडालेला फ्यूज आणि दोन वायरी. बनवा आणि फ्यूज बॉक्सशेजारी टांगून ठेवा. हाताखालच्या पोराला पहिला नियम हाच शिकवा: पहिला फ्यूज उडाला की दुसरा टाकायचा नाही, बल्ब लावायचा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!