चिप नवी, प्रोग्रॅम जुने

६ जून २००५. सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपलचा प्रोग्रॅमरांसाठीचा वार्षिक मेळावा भरला होता. स्टीव्ह जॉब्स मंचावरच्या मॅकवर एकेक प्रात्यक्षिक दाखवत होते आणि सगळं नेहमीसारखं सुरळीत चाललं होतं. मग त्यांनी सांगून टाकलं, की समोरचा हा मॅक इंटेलच्या पेंटियम ४ वर चालतोय. तोवर मॅक म्हणजे पॉवरपीसी प्रोसेसर, हे समीकरण पक्कं होतं. अ‍ॅपलनं मात्र पाच वर्षं आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रत्येक आवृत्ती गुपचूप इंटेलसाठीही तयार करून ठेवली होती.

ऑपरेटिंग सिस्टिम अ‍ॅपलची स्वतःची, तिचा सोर्स कोड घरचाच. त्यामुळे ती दुसऱ्या चिपवर नेणं कष्टाचं असलं तरी अ‍ॅपलच्या हातातलं होतं. लोकांच्या मॅकवर असलेले हजारो प्रोग्रॅम मात्र इतरांनी लिहिलेले होते. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न १९९४ मध्ये अ‍ॅपलला पडला होता, २००५ मध्ये पुन्हा पडला आणि २०२० मध्ये तिसऱ्यांदा. आज विंडोजचे लॅपटॉप इंटेलकडून आर्मकडे वळत असताना तोच प्रश्न आपल्या टेबलावर येऊन बसला आहे.

काम एक, आकडे वेगळे

प्रोग्रॅमर सी किंवा तत्सम भाषेत लिहितो तो सोर्स कोड. कंपायलर त्याचं रूपांतर आकड्यांच्या माळेत करतो आणि प्रोसेसरला फक्त ती माळ कळते. ‘हे काम संपलं, आता जिथून आलास तिथे परत जा’ ही अगदी साधी सूचना घेऊ. इंटेल आणि एएमडीच्या चिपसाठी तिचा आकडा आहे १९५. एकच बाइट, काम फत्ते. ६४ बिटांच्या आर्म चिपसाठी हीच सूचना मेमरीत १९२, ३, ९५, २१४ अशी चार बाइटमध्ये लिहिलेली असते. इंटेलच्या सूचना १ पासून १५ बाइटपर्यंत कितीही लांबीच्या असू शकतात. आर्मची प्रत्येक सूचना नेमकी ४ बाइटची. एकीची माळ दुसरीला वाचताच येत नाही.

सोर्स कोड हाताशी असेल तर तो नव्या चिपसाठी पुन्हा कंपाइल करता येतो. पण जुन्या चिपचे काही स्वभाव प्रोग्रॅममध्ये नकळत मुरलेले असतात आणि ते इथे डोकं वर काढतात. १ हा आकडा चार बाइटमध्ये साठवायचा असेल, तर मॅकमधला पॉवरपीसी तो ०, ०, ०, १ असा ठेवायचा. इंटेलची चिप १, ०, ०, ० असा ठेवते. प्रोग्रॅमनं मेमरीतला मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये ओतला असेल आणि ती फाइल इंटेलवर उघडली, तर १ चे होतात १,६७,७७,२१६. प्रोग्रॅम बंद पडला तर निदान लक्षात तरी येतं. इथे तो बिनतक्रार चालत राहतो आणि उत्तर चुकीचं देतो.

आर्मकडे जाताना वेगळाच घोळ होतो. समजा, प्रोसेसरचा एक गाभा आधी माहिती लिहितो आणि मग ‘तयार’ अशी खूण करतो. दुसरा गाभा खूण दिसताच माहिती उचलतो. इंटेलच्या चिपमध्ये या दोन नोंदी दुसऱ्या गाभ्याला लिहिल्या त्याच क्रमानं दिसतात, याची हमी असते. आर्ममध्ये वेगासाठी ही हमी सैल ठेवली आहे. खूण आधी आणि माहिती मागाहून दिसू शकते. इंटेलच्या हमीवर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम आर्मवर दहा वेळा बरोबर चालेल आणि अकराव्या वेळी घसरेल. असा दोष पकडता पकडता प्रोग्रॅमर मेटाकुटीला येतात.

दुभाष्याची सोय

सोर्स कोड नसेल, किंवा कंपनी नवी आवृत्ती काढायला वेळ लावत असेल, तर दुभाष्याचा आधार घ्यावा लागतो. १९९४ मध्ये मॅक मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतून पॉवरपीसीवर गेले, तेव्हा जुन्या सूचना चालवणारा एम्युलेटर थेट मशीनमध्येच घातला होता. गंमत अशी, की त्या काळी खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचाही बराचसा भाग जुन्याच आकड्यांत होता आणि तोही या एम्युलेटरवरच चालायचा. १९९६ मध्ये डिजिटल कंपनीनं आपल्या अल्फा चिपसाठी ‘एफएक्स!३२’ आणलं. ते इंटेलचा प्रोग्रॅम पहिल्यांदा एम्युलेटरवर चालवायचं, त्यातला कोणता भाग वापरला जातो याची नोंद ठेवायचं आणि नंतर फुरसतीनं त्याचं भाषांतर करून साठवायचं. त्यामुळे पुढच्या खेपेला तोच प्रोग्रॅम जास्त वेगानं चाले.

२००६ च्या इंटेल मॅकसोबत आलेला ‘रोझेटा’ मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या ट्रान्झिटिव्ह कंपनीच्या तंत्रावर बेतलेला होता. प्रोग्रॅम चालू असतानाच तो भाषांतर करायचा. २०२० मध्ये अ‍ॅपलनं स्वतःची एम१ ही आर्म चिप आणली, तेव्हाचा ‘रोझेटा २’ शक्य तेवढं भाषांतर प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच उरकून ठेवतो. वर सांगितलेल्या क्रमाच्या घोळावर तर अ‍ॅपलनं चिपमध्येच तोडगा काढला. एम१ मध्ये असा एक अंतर्गत खटका आहे, की तो दाबला की चिप इंटेलसारखा कडक क्रम पाळू लागते. जुन्या सॉफ्टवेअरची गैरसोय होऊ नये म्हणून नव्या प्रोसेसरच्या रचनेतच जागा करून दिलेली दिसते. भाषांतरित प्रोग्रॅम एम१ वर इतके चपळ चालले, त्यात या खटक्याचा मोठा वाटा आहे.

अडतं कुठे?

दुभाषी कितीही हुशार असला तरी त्याला काही दारं बंदच असतात. त्यातलं पहिलं प्लग-इनचं. एका चालू प्रोग्रॅमच्या पोटात साधारणपणे दोन जातींच्या सूचना एकत्र नांदत नाहीत. फोटोशॉपची एम१ साठीची आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली. पण ज्यांचं आवडतं प्लग-इन इंटेलसाठीच होतं, त्यांना ते वापरण्यासाठी अख्खं फोटोशॉप पुन्हा रोझेटाखाली चालवावं लागे.

दुसरं दार ड्रायव्हरचं. प्रिंटर, स्कॅनर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, सॉफ्टवेअरच्या परवान्याचा डोंगल यांचे ड्रायव्हर बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात शिरून काम करतात. तिथे भाषांतर चालत नाही. आर्मवरच्या विंडोजमध्ये २०२४ पासून ‘प्रिझम’ नावाचा दुभाषी आहे आणि तो इंटेलचे बरेचसे प्रोग्रॅम चालवतो. पण ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला लागतो. म्हणून सीएच्या ऑफिसात, डीटीपीच्या दुकानात किंवा आधार पडताळणी होणाऱ्या केंद्रात आर्मचा लॅपटॉप आणण्याआधी वर्ड-एक्सेल चालतं का, एवढंच विचारून भागणार नाही. रोजच्या वापरातल्या प्रत्येक उपकरणाचा आर्म ड्रायव्हर आहे का, हे त्या त्या कंपनीकडे विचारायला हवं.

हा हिशेब चुकला तर बडे बडेही आपटतात. इंटेल आणि एचपीनं मोठा गाजावाजा करून आणलेला इटानियम २००१ मध्ये बाजारात आला. इंटेलचे जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम त्यावर चालत, पण रडतखडत. दोन वर्षांनी एएमडीनं ऑप्टेरॉन आणला. तो ६४ बिटांचा होता आणि जुने प्रोग्रॅमही पूर्ण वेगानं चालवायचा. ग्राहक तिकडे वळले आणि २००४ मध्ये इंटेललाही तोच मार्ग धरावा लागला. मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी २०१२ मध्ये आला, त्यावर तर इंटेलचे जुने डेस्कटॉप प्रोग्रॅम चालायचेच नाहीत. पुढच्याच वर्षी कंपनीला त्यापायी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला.

उसना वेळ

दुभाषी कायमचा सोबतीला नसतो, हे वापरणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा येतं. पहिला रोझेटा २०११ मध्ये मॅकच्या ‘लायन’ आवृत्तीतून काढून टाकला गेला. घरखर्चाचा हिशेब ठेवणारं ‘क्विकन २००७’ तोवर पॉवरपीसीच्याच आकड्यांत होतं. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यात असलेली मंडळी जुन्याच सिस्टिमवर अडकून पडली. लायनवर चालणारी आवृत्ती २०१२ मध्ये आली, तीही विकत घ्यावी लागली. रोझेटा २ ची मुदतही आता जाहीर झाली आहे. मॅकओएस २७ पर्यंत तो पूर्ण रूपात मिळेल. त्यानंतर काही जुन्या गेमपुरताच उरेल.

उसना मिळालेला हा वेळ कोणाच्या कामी येतो? ज्याच्याकडे सोर्स कोड आहे आणि तो सांभाळणारा माणूस आहे, त्याच्या. पुण्याच्या सी-डॅकचे महासंगणक पाहा. १९९१ चा ‘परम ८०००’ ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर, ‘परम १००००’ सनच्या अल्ट्रास्पार्कवर, ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर४ वर आणि ‘परम युवा’ इंटेलच्या झिऑनवर उभा राहिला. दोन दशकांच्या आत चिपची चार घराणी झाली. शास्त्रीय गणनेचे प्रोग्रॅम बहुधा सोर्स कोडच्या रूपातच जपले जातात. म्हणून काही भाग नव्यानं लिहून आणि बाकीचा पुन्हा कंपाइल करून असा मुक्काम हलवता येतो. आज आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या सूचनासंचावर बांधले आहेत. त्यांना लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअरचा आधार आहे, तोही सोर्स कोड खुला असल्यामुळेच.

याउलट, एखाद्या पतपेढीचं किंवा नगरपालिकेचं काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर चालत असेल, त्याचा सोर्स कोड कोणाकडेच नसेल आणि लिहिणाऱ्याचा पत्ताही नसेल, तर नवी चिप तिथे कितीही वेगवान आणली तरी उपयोग शून्य. म्हणून अशा संस्थांनी सॉफ्टवेअर करून घेताना सोर्स कोडची प्रत आपल्या ताब्यात राहील, हे कलम करारात पहिल्या दिवशीच घालून घ्यावं. त्यासाठी लागणारी घासाघीस कामाची ऑर्डर देताना करता येते. प्रोसेसर बदलायची वेळ आली, की समोर घासाघीस करायला कोणी उरलेलं नसतं.