निशाणी ५ : समन्यायाचा तालुक्यातला पत्ता

पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याचा जेसीबी बांधावर येऊन उभा राहिला, की शेतकरी आधी तलाठ्याकडे धावतो, मग पोलीस ठाण्यात. दोन्हीकडे ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ऐकून शेवटी तालुक्याच्या वकिलाची पायरी चढतो. वकील दावा लिहितो आणि सोबत एक वेगळा अर्ज जोडतो. महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत या अर्जाला वहिवाटीने एकच क्रमांक मिळतो : निशाणी ५. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बांध आहे तसा राहू द्या, एवढंच त्यात मागितलेलं असतं. निकड पटली, तर समोरच्याला नोटीस पोचण्याआधीही न्यायाधीश ‘जैसे थे’चा आदेश देऊ शकतात.

तालुक्याच्या न्यायाधीशाला हे बळ ज्या परंपरेतून मिळालं, तिला कायद्याच्या मराठीत ‘समन्याय’ म्हणतात. वकिलांच्या तोंडी ‘इक्विटी’. इंग्लंडातली जुनी कोर्टं मुख्यतः नुकसानभरपाई देत. एखाद्याला वेळीच रोखायचं किंवा ठरलेला करार पाळायला लावायचा, तर लोक राजाच्या चॅन्सेलरकडे अर्ज करत. त्यातूनच चॅन्सरी हे वेगळं न्यायालय उभं राहिलं. एका भांडणासाठी दोन कोर्टांचे उंबरठे झिजवण्याची तिथली पाळी १८७५ मध्ये दोन्ही एकत्र झाल्यावर संपली.

आपल्याकडे समन्याय दोन वाटांनी आला. पहिली वाट मुंबई बेटाची. १८२३ च्या सनदेने इथे सुप्रीम कोर्ट नेमलं गेलं आणि त्याला चॅन्सरीसारखे अधिकार मिळाले. १८६२ मध्ये हायकोर्ट आलं आणि ते अधिकार त्याच्या मूळ शाखेकडे गेले. कायदा आणि समन्याय इथे एकाच छपराखाली नांदत होते. खोजा समाजाच्या सामाईक मालमत्तेचे खरे हकदार कोण, हा आगाखान खटल्यातला प्रश्न न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी १८६६ मध्ये याच हायकोर्टात निकाली काढला.

दुसरी वाट मोफसलाची, म्हणजे मुंबई बेटाबाहेरच्या मुलखाची, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये कलम २६ आहे. दिवाणी कोर्टाने आधी लिखित कायदा पाहावा, तो नसेल तर देशरिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि यातलं काहीच हाती लागलं नाही, तर न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक यांवर निवाडा द्यावा, असा त्याचा क्रम. मुंबईत समन्याय ही एका मोठ्या कोर्टाची मिरास होती. पुणे-रत्नागिरीकडे तो साध्या दिवाणी कोर्टाच्याही हाती आला. पुढे १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, की या शब्दांचा अर्थ सर्वसाधारणपणे इंग्रजी कायद्याचे नियम असाच घेतला गेला आहे. मात्र ते इथल्या समाजाला आणि परिस्थितीला लागू पडणारे हवेत.

यातले बरेच नियम नंतर कायद्यांच्या कलमांत उतरले : १८७७ चा विशिष्ट दाद कायदा, १८८२ चे विश्वस्त कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा. खेड्यातलं ‘मुदत खरेदी’चं खत घ्या. कागदावर विक्री, मनात गहाण. मुदत टळली की जमीन सावकाराची. समन्याय कागदाच्या नावाला भुलत नाही, व्यवहाराचा हेतू पाहतो. एकदा गहाण ते कायमचं गहाण, आणि कर्ज फेडून ते सोडवण्याचा हक्क कोणत्याही अटीने मारता येत नाही. पण १९२९ च्या दुरुस्तीने एक कुंपण घातलं : जमीन परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली हवी. सावकाराच्या तोंडी शब्दावर विसंबलेल्यांना हे कुंपण फार जाचलं.

आज समन्यायाचं वेगळं कोर्ट नाही. जमीन ज्या हद्दीत, तिथल्या दिवाणी कोर्टात दावा चालतो; दाव्याची रक्कम पाहून तो कनिष्ठ स्तराकडे जातो की वरिष्ठ, ते ठरतं. मुंबईच्या लघुवाद न्यायालयाला १८८२ च्या कायद्याने करारपूर्ती आणि मनाई हुकुमाच्या दाव्यांपासून दूर ठेवलं. सार्वजनिक विश्वस्त संस्थांबाबतच्या बऱ्याच दाव्यांना आधी धर्मादाय आयुक्तांची संमती लागते. आणि शिखरावर सर्वोच्च न्यायालय : संविधानाच्या अनुच्छेद १४२ ने त्याला ‘पूर्ण न्याया’साठी लागेल तो आदेश देण्याचा अधिकार दिला आहे.

निशाणी ५ वर न्यायाधीश तीन गोष्टी तोलतात. प्रथमदर्शनी हक्क दिसतो का? हुकूम दिल्याने आणि न दिल्याने कुणाची किती गैरसोय? होणारं नुकसान पैशाने भरून येईल का? शिवाय मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. जुनं वाटणीपत्र दडवून आलेल्याला कोर्ट रिकाम्या हाताने परत पाठवू शकतं. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

एकतर्फी मनाई दिली, तर त्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत करण्याचा प्रयत्न व्हावा, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. मला वाटतं, या संस्थेचा सगळा मान त्या ३० दिवसांत आहे. बांध मोडला तर मातीची किंमत काढता येते, मजुरीही काढता येते. पण दोन घरांनी पिढ्यानपिढ्या मानलेली हद्दीची खूण एकदा नांगराखाली गेली, की कोणत्याच हुकुमाने ती परत उभी राहत नाही.