अंगणवाडीच्या छपरावरचे ऊन

मे महिन्यात मुंबईतील शाळा बंद असतात, महाविद्यालये ओस पडलेली असतात आणि उच्च न्यायालयासही दीर्घ सुटी असते. अंगणवाडीचे तसे नाही. तीन ते सहा वर्षांच्या बालकांना वर्षातून ३०० दिवस शिजवलेला आहार मिळाला पाहिजे, असा एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा दंडक आहे. आणि तो योग्यच आहे, कारण भूक सुटीवर जात नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, उन्हाचा कहर होतो त्या दिवसांत सर्वांत लहान मुले तेवढी रोज एका खोलीत एकत्र आणली जातात.

ही खोली कशी असते? भायखळ्याच्या पूर्वेस, रे रोड व दारूखान्याच्या अंगाला असलेल्या वस्त्यांत ती बहुधा भाड्याची, चिंचोळी आणि पत्र्याच्या छपराची असते. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत ढगांचे आवरण असते. मेमध्ये ते नसते. सकाळी दहानंतर पत्रा तापतो आणि खालच्या खोलीत उष्णता ओतू लागतो. पंखा असलाच तर तो तीच हवा फिरवतो.

लहान मुलांना उन्हापासून जपावे, हा विचार जगात नवा नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली त्यासाठी मोठी मोहीम सुरू झाली. पुढे तेथील बालकेंद्रांत टोपीवाचून मुलाला मैदानात सोडायचे नाही, असा रिवाज पडला. मात्र तेथील भीती त्वचेच्या कर्करोगाची होती. आपल्या मुलांच्या सावळ्या कातडीत निसर्गानेच त्याविरुद्ध काही संरक्षण ठेवले आहे, आणि थोडे ऊन तर चाळीच्या अंधाऱ्या खोल्यांत वाढणाऱ्या मुलांच्या हाडांना हवेच आहे. आपल्याकडील शत्रू उष्णता हा आहे. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, त्याला घाम कमी येतो आणि तहान लागली तरी ते नेमके सांगत नाही. त्यात किनाऱ्यावरील दमट हवा; आलेला घामही वाळत नाही. तेव्हा टोप्या व मलमे वाटून येथे काय साधणार? भायखळ्यातील बालकावर ऊन आकाशातून पडत नाही, ते छपरातून पडते.

‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम या संदर्भात आठवण्याजोगा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, ते १९५७ साली कोसबाडला गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तिचे हे नाव. तेथे झाडाची सावली होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा नाव देशभर गेले; अंगण मात्र बरोबर गेले नाही.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर याच गिरणगावाच्या कायद्यात एकदा लिहिले गेले होते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ अन्वये पन्नासाहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे पाळणाघर बंधनकारक होते. १९७६ साली ही संख्या तीसवर आणली गेली. महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत त्या पाळणाघराच्या भिंती व छप्पर उष्णतारोधक असावे, दर मुलामागे किमान वीस चौरस फूट जागा असावी आणि मोठ्या मुलांसाठी सावलीचे, कुंपण घातलेले खेळांगण असावे, असे म्हटले होते. नियम कागदावर किती राहिला आणि प्रत्यक्षात किती उतरला, हा भाग वेगळा. गिरण्यांतील स्त्री-कामगार घटत गेल्या, पुढे १९८२ चा संप झाला आणि खटाव मिलसारख्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. तथापि मालकाने द्यावयाच्या जागेसाठी सरकारला जे सुचले, ते स्वतः भाड्याने घ्यावयाच्या जागेसाठी सुचू नये, ही विसंगती डोळ्यांत भरते.

तिचे कारण अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात सापडेल. अंगणवाडीच्या भाड्याला सरकारी कमाल मर्यादा असते. नव्या इमारतीसाठी किमान ६०० चौरस फुटांचे मान केंद्राने सांगितले आहे. भायखळ्यातील जागांचे भाव पाहता ते वाचून हसू येईल. मर्यादित भाड्यात जी खोली मिळते, ती दुसऱ्या कोणी न घेतलेली. मग छप्पर कोणी सुधारायचे? घरमालकाला त्याचे जादा भाडे मिळत नाही, खात्याने पैसे घातले तर मालमत्ता दुसऱ्याची वाढते, आणि सेविकेचे मानधन ते काय! भाड्यात वाचलेले पैसे हिशेबात दिसतात. मुलाला आलेली ग्लानी, गळून गेलेली भूक आणि पानात टाकलेली खिचडी कोणत्याच रकान्यात येत नाही. पोषणासाठी केलेला खर्च अशा रीतीने उष्णतेतच विरतो.

पत्र्याला पांढरा परावर्तक लेप देण्याचा स्वस्त उपाय आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तेथील गरीब वस्त्यांत असे लेप देण्यात आले. मुंबईनेही २०२२ साली हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आहे. अंगणवाडीच्या छपरांपासून त्याची सुरुवात करण्यास काय हरकत आहे? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडीच्या खोलीची तरतूद आहे. ती तळमजल्यावर आणि सावलीच्या बाजूस असावी, एवढी अट घालण्यास पैसा लागत नाही. राणीच्या बागेतील गर्द सावली जवळच आहे खरी. पण एका सेविकेने व एका मदतनिसेने वीस-पंचवीस मुले रहदारीतून तेथे न्यावीत, असे सुचवणाऱ्याने आधी ते एकदा करून पाहावे.

त्याहून सोपी गोष्ट आहे. महानगरपालिकेच्या शाळांच्या पक्क्या, उंच छताच्या इमारती मे महिन्यात कुलूपबंद असतात. प्रत्येक वस्तीजवळच्या शाळेतील तळमजल्याचे दोन वर्ग त्या महिन्यापुरते अंगणवाडीस देता येतील. अडचण इतकीच की, अंगणवाडी राज्य शासनाच्या महिला व बालविकास खात्याची आणि शाळा पालिकेच्या शिक्षण खात्याची. किल्ली कोणाजवळ राहावी, विजेचे बिल कोणी भरावे आणि झाडलोट कोणी करावी, हे दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एका बैठकीत ठरवता येईल. ती बैठक फेब्रुवारीत व्हावयास हवी. मार्चअखेर पत्रे तापू लागतात.